पाण्यावरचं सीमोल्लंघन

छत्रीबाग, इंदूर
कोजागिरीचा दुसरा दिवस, १९५३

चि. रघुवीर यास शशिताईचे पोटभर आशीर्वाद.

इथे सगळे खुशाल आहेत, मोटर सोडून. तुझं पोट आता कसं आहे? सुलोचनाला म्हणावं, ताकात हिंग घालत जा. आणि तू कॉलेजातल्या मुलांच्या पेपरांवर चिडणं कमी कर, अर्धं दुखणं तिथलं आहे. आता राजधानी तुमच्या ग्वाल्हेरला यायची वेळ झालीच. (सहा महिने तिकडे, सहा महिने इकडे, सरकारचंही माहेरवाशिणीसारखं झालं आहे. तुझ्या भावोजींच्या पेन्शनीचा कागद नेहमी दुसऱ्याच गावी असतो.) पण पत्र त्यासाठी नाही. तू सायन्सचा प्रोफेसर आहेस आणि कमलचा मामा आहेस. दोन्ही नात्यांनी धावून यायची वेळ आली आहे.

झालं असं, की आपली जुनी मोटर बंद पडली म्हणून परदेशीपुऱ्यातला उदयसिंह दुरुस्तीला येऊ लागला. त्याचे वडील ह्यांच्याच रिसाल्यात होते. मुलगा दिसायला चांगला, बोलायला गोड, पण मोटर-मेकॅनिक. त्यामुळे त्याचा चहा व्हरांड्यातच होई. मग एक दिवस तो म्हणाला, काकासाहेब, ही मोटर मी पाण्यावर चालवून दाखवतो. त्या दिवसापासून चहा दिवाणखान्यात आला, आणि चहाबरोबर चिवडाही.

यंत्र म्हणशील तर माझी कैरीच्या लोणच्याची काचेची बरणी. तीत पाणी, कसलासा खार, दोन पट्ट्या, पट्ट्यांना मोटरच्या बॅटरीच्या तारा. तारा जोडल्या की पाण्यातून बुडबुडे येतात. तो गॅस म्हणे रबरी नळीतून इंजिनात जातो आणि जळतो. जळतो यात शंका नाही, कारण ह्यांनी बरणीवर वाकून काडी ओढली आणि डाव्या बाजूची मिशी अर्धी गेली. (उजवी मग न्हाव्याकडून तेवढीच करून आणली.) मी अडाणी बाई, मी विचारलं, बॅटरी कोण भरतं? मोटर. मोटर कोण चालवतं? गॅस. गॅस कोण काढतं? बॅटरी. म्हणजे तीन जावांनी एकमेकींकडून पीठ उसनं आणून पोळ्या लाटायच्या, आणि घरात दाणा नाही. हे मी बोलले तर मला सांगण्यात आलं की बायकांनी सायन्समध्ये पडू नये. कमल इंटर सायन्सला आहे, ती मात्र तिथेच उभी राहून गप्प. मला वाटलं, लाजते आहे.

कारण तोवर ह्यांनी ठरवून टाकलं होतं. टाकी सर्वांसमक्ष रिकामी करून उदयसिंहानं मोटर पाण्यावर राजवाड्यापर्यंत नेऊन आणली, आणि परत येईपर्यंत तो मेकॅनिकचा संशोधक झाला होता. दसऱ्याला पाण्याच्या मोटरीतून सीमोल्लंघन करायचं, आणि सोनं वाटतानाच कमल त्याला दिल्याचं जाहीर करायचं. रिसाल्यातल्या सगळ्या जुन्या मंडळींना निमंत्रणं गेली. माझं डोकं उठलं, रघुवीर. एकुलती एक पोर, आणि ती बुडबुड्यांवर द्यायची.

आता आपल्या घरची खंडेनवमी तुला ठाऊक आहे. भरलेलं शस्त्र देवीपुढे ठेवायचं नाही, हा ह्यांच्या आजोबांपासूनचा दंडक. बंदुका रिकाम्या करून, पुसून पूजेला मांडतात. यंदा ह्यांच्या मनात आलं की मोटरही पूजेत बसते, मग तीही रिकामी हवी. स्वतः बाह्या सारून तपासायला बसले. पुढच्या सीटखाली एक पत्र्याचा डबा निघाला, पेट्रोलनं भरलेला, त्यालाही एक बारीक नळी. ह्यांना वाटलं, जुन्या काळचा राहिला असेल. आता पाण्यावर चालणाऱ्या मोटरीला ह्याचं काय काम? त्या पेट्रोलनं घरातल्या सगळ्या तलवारींचा गंज काढला, आणि डबा शिस्तीत होता तिथे ठेवून दिला.

दसऱ्याला मोटरीवर झेंडूच्या माळा, फेटे बांधलेली मंडळी, बरणीत भरपूर बुडबुडे. हँडल मारून मारून रिसाल्यातले संताजीराव बसले खाली. मोटर हलेना. उदयसिंहानं सीटखाली हात घातला आणि त्याचा चेहरा उतरला. तेव्हा ह्यांनी सगळ्यांना मोठ्या अभिमानानं तलवारींची हकीकत सांगितली.

त्यावर तो मुलगा उभा राहिला आणि म्हणाला, "काकासाहेब, सच बात ये है की गाडी त्या डब्यावर चालत होती. पाण्यातून गॅस निघतो, पण जितकी वीज आपण घालतो, उससे कम ही परत मिळतं. पाण्यावर मोटर नाही चालत. माझं चुकलं."

मी मनात देवीला नारळ बोलले. पण हे काय म्हणाले असतील? म्हणाले, मुलगा विनयशील आहे, खोट पाण्यात आहे. आपल्या विहिरीचं पाणी जड, नर्मदेचं हवं. लगेच आमच्या गड्याला, तुकोजीला, घागरी घेऊन बडवाहला पिटाळलं, आणि मोटरीचा नि कमलचा मुहूर्त दिवाळीच्या पाडव्यावर टाकला. दसऱ्याला मोटर रिसाल्यानं ढकलतच शिवेपार नेली, आणि सीमोल्लंघन झालं असं ह्यांनी जाहीर केलं.

तेव्हा तू ह्यांना एक खरमरीत पत्र लिही. सायन्सच्या भाषेत, आकृत्या काढून, की हे या जन्मी होणं नाही. तुझं ते ऐकतात. एकदा मोटर पाण्यावर चालत नाही हे पटलं, की हे लग्नही आपोआप मोडेल आणि मी सुटेन.

तुझी,
शशिताई

ता. क. पत्र पाकिटात घालताना कमलनं पाहिलं आणि रडू लागली. ती म्हणते, मोटर पाण्यावर चालणार नाही हे तिनं त्याला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. तो म्हणाला, मलाही ठाऊक आहे, पण मेकॅनिकला तुमच्या दिवाणखान्यात दुसऱ्या कशावर घेतील? डबा ठेवू नकोस म्हणून ती त्याच्याशी भांडलीही होती. तिला तोच हवा आहे. तेव्हा वरचं पत्र लिहू नकोस.

ता. क. २. नाही, लिहीच, खोट्यावर पोर द्यायची नाही. पण आकृत्या संपल्या की खाली एवढं घाल, की ग्वाल्हेरला तुझ्या कॉलेजच्या वर्कशॉपात माणूस हवा आहे आणि उदयसिंह तुला पसंत आहे. खरंच हवा आहे का ते आधी विचारून घे. या घरात येऊन मला पुष्कळ वर्षं झाली, रघुवीर. इथे सासऱ्यांपासून सगळे शूर. पण चारचौघांत उभं राहून "माझं चुकलं" म्हणणारा पुरुष मी दसऱ्याला पहिल्यांदा पाहिला.

ता. क. ३. आणि पत्र टाकून थांबू नकोस, स्वतः ये. स्टेशनवर टांगा कर. तुकोजी परत आला असून, ह्यांनी बरणीची भानगड नको म्हणून नर्मदा थेट टाकीतच ओतली आहे.