उसनं देवक

मस्विंगो, ता. ४ मे १९९३

ती. शुवाईताईस गारिकाईचा सा. न. वि. वि.

वकिलांसाठी साक्षीदार हुडकत हिंडण्यात कसलं आलंय मोठेपण, असं तू विचारतेस. या खेपेला मिळालं बघ! एक मास्तर ट्रकखाली गेले. त्यांच्या बायकोनं ट्रकमालकावर दावा लावलाय. आमचे वकील मालकाचे. अपघात पाहिला एकट्या मुचानेता म्हातारीनं, मास्तरांची शेजारीण, स्टॉपवर भाजी विकते ती. पण तोंडाला कुलूप! तिसऱ्या खेपेला मी सहज ठोकून दिलं, की तिच्यासारखं माझंही देवक सिंहच. झालं! एका देवकाची माणसं ती एका रक्ताची! म्हातारीनं मानाच्या टाळ्या वाजवून मला भाचा केलं, मक्याच्या पिठाचा साझा न् पालेभाजी वाढली आणि मास्तर पिऊन झोकांड्या खात रस्त्यात आले होते, हे सांगून जबाबावर अंगठाही दिला. वकीलसाहेब जाम खूश.

आईला नमस्कार. लोभ आहेच, तो वाढव.

तुझा गारिकाई


ग्वेरू, ता. ११ मे

चि. गारिकाईस अनेक आशीर्वाद.

पत्र आईला वाचून दाखवलं नाही. लाज वाटली. आपलं देवक माकड, आणि त्याचीच शपथ घेऊन बाबा आयुष्यभर खरं बोलले. पोटासाठी माणूस गाव बदलतो रे, बाप बदलत नाही. मास्तरांच्या बायकोला रोज तोंड दाखवायचंय ते त्या म्हातारीला, तुला नाही. जाऊन खरं सांग. तोवर इकडे येऊ नकोस.

जीव आहे म्हणून लिहिते.

शुवाई


मस्विंगो, ता. २० मे

ती. ताईस शि. सा. न.

आधी वकीलसाहेबांकडे गेलो. ते हसले. म्हणाले, मास्तर प्यायलेला होता ना, मग देवकाचं काय घेऊन बसलास? जबाब परत मिळाला नाही. सोमवारी तो कोर्टात वाचतील.

मग मुचानेता आत्याकडे गेलो. बघ, अजून हाच शब्द येतो. सगळं सांगितलं. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. तिनं मला चटईवरून उठवलं, परक्याला देतात तशी खुर्ची दिली आणि अहो-जाहो करू लागली. मास्तरांची बायको तिची शेजारीण. त्या शेजारणीच्या अब्रूसाठी पोलिसांपुढेही जे बोलली नाही, ते घरच्या पोरापाशी बोलून मोकळी झाली होती. एवढंच तिनं विचारलं, की भाचा कुणी नव्हताच, तर मग मी ते सांगितलं कुणाला?

ताई, लोभ असू दे, असं लिहायला हात धजत नाही.

गारिकाई