पासाचा रंग

प्रिय बाबा,

१. येत्या रविवारी तुम्हाला जाऊन तीन महिने होतील.

२. त्या संध्याकाळी तुमची ऑर्केस्ट्रा पार्टी रोह्याला श्रद्धांजलीचा कार्यक्रम करणार आहे.

३. काल नाना माझ्या रोह्याजवळच्या वरसेच्या खोलीवर आले. तीस वर्षं तुमच्या मागे ढोलकी वाजवलेला माणूस माझ्यासमोर खुर्चीच्या कडेवर बसला होता.

४. कार्यक्रमाचा शेवट ‘पासाचा रंग’ या तुमच्या विनोदी आयटमने करावा, असं पार्टीचं म्हणणं आहे. तुमचं काम नाना करतील.

५. शेवटच्या वाक्याला मी स्टेजवर यावं, कंपनीचा पास वर धरावा आणि हसावं, अशी त्यांची विनंती आहे.

६. मी होही म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही.

म्हणून हे पत्र. नाना चांगले आहेत. म्हणाले, “तू नाय म्हनलीस तर होनार नाय गो. पन लोक त्योच मागतान. बापूस गेला, आयटम नाय गेला.” म्हणजे निर्णय माझ्यावर आहे. आणि तो घेण्याआधी मला तुम्हाला एक प्रश्न विचारायचा आहे.

तुमच्याबद्दल रविवारी लोक जे बोलतील ते मला पाठ आहे. मिठागरातल्या कामगाराचा मुलगा. पेणच्या गणपती कारखान्यात मूर्तींना रंग देता देता गाणारा पोरगा. शेजारच्या कारखान्यातले लोक ब्रश ठेवून दाराशी यायचे. मग गावागावातल्या हळदी, मग कॅसेट, मग चमकीचं जाकीट, मग मोबाईलवरच्या क्लिपा. हे सगळं खरं आहे. तुम्ही गायला लागलात की मांडवात मागे उभी असलेली माणसंसुद्धा पुढे सरकायची. मीही सरकायचे.

गाण्यापेक्षा मला दोन गाण्यांमधलं तुमचं बोलणं आवडायचं. शेवटचा शब्द टाकण्याआधी तुम्ही थांबायचात. मी एकदा घड्याळ लावून मोजलं होतं. चार सेकंद! प्रत्येक गावात चार सेकंद. मी प्रेशरचे मीटर तपासण्याचं काम करते, इतकं बिनचूक यंत्र माझ्या हाताखाली फार कमी वेळा आलं आहे.

नवा विनोद तुम्ही सकाळच्या चहाला माझ्यावर करून बघायचात. मी चेहरा न हलवता बिस्कीट बुडवत राहायचे.

“हासली नायस ना? मंग चालंल,” तुम्ही म्हणायचात. “तू हासलीस तर लोकांना कलनार नाय.”

मला ते कौतुक वाटायचं. खरंच वाटायचं, बाबा.

आता पाहुणे आले त्या रविवारचं. निडी गावचा मुलगा मला बघायला आपल्या पेणच्या घरी आला होता. त्याचं नाव मी इथे लिहीत नाही, ते आधीच पुरेसं वापरून झालं आहे. तो रोह्याला माझ्याच कंपनीत होता. त्याच्या मामाने सांगितलं होतं की मुलगा परमनंट आहे. आमच्याकडे परमनंट माणसाच्या पासावर निळी पट्टी असते, कंत्राटी माणसाच्या पासावर पिवळी. मी त्याला रोज गेटवर बघत होते. पट्टी पिवळी होती. मला ते आठ महिन्यांपासून माहीत होतं, आणि माझी काही हरकत नव्हती. हे मी तुम्हाला सांगितलं नाही. तुम्ही विचारलं नाहीत, मी सांगितलं नाही. माझी चूक एवढी.

पाहुणे यायच्या आधी तुम्ही मला मागच्या पडवीत बोलावलंत.

“पासाचा रंग इचार गो त्याला. मामा काय पन बोलंल. त्याला खरा बोलाचा मोका दे.”

मला ते पटलं. त्याने स्वतः ‘पिवळा’ म्हटलं असतं, तर मामाचं खोटं तिथेच संपलं असतं आणि मी हो म्हणणार होते.

मग तुम्ही माझ्याकडून ते वाक्य म्हणवून घेतलंत. एकदा नाही, दोनदा. “असा घाई करून नको. ‘तुमच्या पासाचा’ बोल, थांब, मंग ‘रंग कुठला’ बोल.” मला वाटलं, मुलीचा बाप आहे, घाबरला आहे.

मी तसंच विचारलं. जिथे थांबायला सांगितलं होतंत तिथेच थांबले. त्याने माझ्याकडे बघितलं आणि खाली मान घातली. मामा ताडकन उठला. “पोरगी दाखवायला बोलवलाव का गेटवर तपासनी कराला?” पोहे बशीत तसेच राहिले. ते गेल्यावर आई रडली. तुम्ही दारात उभे होतात.

तीन आठवड्यांनी चुलतभावाच्या हळदीत मी बायकांमध्ये ताट घेऊन उभी होते. तुम्ही माईक हातात घेतलात आणि म्हणालात, “आमची गोदी इंजिनेर झाली, तिला बगाला पावना आला...” गोदी! ते नाव घरातलं होतं. शाळेत नव्हतं, कंपनीत नव्हतं, आपल्या तिघांत होतं. सगळ्या बायका माझ्याकडे वळल्या. तुमची गोदी पाहुण्याचा पास मागत होती, त्याची पँट मोजपट्टीने मोजत होती, मामाच्या मिशीचं माप वहीत लिहीत होती. आणि शेवटी, “तुमच्या पासाचा...” चार सेकंद. “रंग कुठला?”

मांडव कोसळायचा बाकी राहिला. आईसुद्धा पदर तोंडावर धरून हसत होती. माझ्या ताटातला भात गार झाला. तुमच्या गोष्टीत गोदी आपल्या मनाने विचारते. पडवी नाही, बाप नाही, दोनदा म्हणवून घेणं नाही. बाप बिचारा कपाळाला हात लावून बसलेला असतो!

मी घरी येऊन आईला म्हटलं, हे बंद करायला सांग. आई म्हणाली, “लोकांना हासवलान त्यानी, तुझा काय गेला?” काय गेलं ते मी तिला सांगू शकले नाही. क्लिप आठवडाभरात रोह्यापर्यंत पोचली होती. गेटवरचा वॉचमन रोज म्हणायचा, “मॅडम, रंग दाखवा.” मला एक वेळ चाललं असतं. पण त्या मुलाला ‘पिवळा’ नाव पडलं. तो पास गळ्यातून काढून खिशात ठेवू लागला. एके दिवशी कँटीनमध्ये माझ्यासमोर येऊन बसला.

“तुला म्हाइत होता ना रंग?”

“हो.”

“मंग का इचारलास?”

“बाबांनी सांगितलं होतं.”

त्याने हातातला घास ताटात ठेवला. मग म्हणाला, “बाबाला सांग, लई हासलो आमी घरी.” आणि ताट उचलून गेला. महिनाभरात त्याने काम सोडलं. आता गुजरातला आहे म्हणतात. त्याचा निरोप मी तुम्हाला दिला नव्हता. आज दिला.

तुम्ही दवाखान्यात होतात ते नऊ दिवस मी तुमच्या शेजारी होते. तेव्हाच विचारायला हवं होतं. मी समोरच्या मॉनिटरवरचे आकडे बघत बसले, कारण ते मला वाचता येतात. तुम्ही मात्र नर्सला म्हणालात, “ही माझी गोदी. तुमचा पास नीट लावा हां!” नर्स हसली. तुम्ही माझ्याकडे बघितलंत. मी हसले नाही म्हणून तुम्ही खूश झालात का? की तुम्हाला काही म्हणायचं होतं? त्यानंतर तुम्हाला नळी लावली आणि बोलणं संपलं.

तर प्रश्न असा. तुम्ही मला ते विचारायला लावलंत ते माझ्यासाठी, की आयटमसाठी? आधी मुलगा आला आणि मग तुम्हाला विनोद सुचला, की विनोद आधी तयार होता आणि तो करून बघायला तुम्हाला पाहुणे हवे होते?

मला यात फरक वाटतो. घडलेलं विकलंत, तर तुम्ही कलाकार होतात आणि बेफिकीर होतात. ते मी कधीतरी माफ करू शकेन. घडवून आणलं असेल, तर नाही.

काल नाना निघताना चप्पल घालता घालता म्हणाले, “तुझ्या बापाच्या वह्या माज्याकडंच हायत. कुठला आयटम कदी लिवला, पयला कुठं केला, समदा तारखेसकट हाय.”

मी विचारलं, “‘पासाचा रंग’सुद्धा?”

“व्हय. आनू?”

लगेच म्हणणार होते, आणा. तोंडातून निघालं, “गुरुवारी आणा.” का ते मलाही नीट सांगता येणार नाही.

नानांना माझं उत्तर आज संध्याकाळी कळवते. वहीत काहीही निघो, रविवारी तो आयटम होणार नाही, आणि माझं चालेल तोवर पुढेही कुठे होणार नाही. त्या मुलाची आई अजून निडीलाच राहते, आणि तिथून रोह्याचं मैदान दूर नाही. कार्यक्रमाला मी येईन. पहिल्या रांगेत बसेन आणि तुमची हळदीची गाणी सगळी ऐकेन. एवढं वचन देते.

तुमच्याकडून एकच हवं आहे. पडवीत मला बोलावलंत तेव्हा तुमच्या मनात काय होतं, ते बुधवारी संध्याकाळपर्यंत कळवा. कसं कळवायचं ते तुम्ही बघा. गुरुवारी सकाळी मी वही उघडणार आहे.

स्वाती