विषय: अडथळा

४ जून

ती. स्व. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर मी नुसती ओरडते आणि तुला एक अक्षर कळत नाही, असं तू म्हणतेस, म्हणून हे पत्र. ओरडणार कागदावरही आहेच.

माझा प्रबंध बुडायच्या बेतात आहे. पन्नासेक वर्षांपूर्वी मोठ्या रुग्णालयाच्या धुलाईखान्यातल्या बायकांनी संप केला, आपली आजी त्यात होती, आणि मला त्याचा इतिहास लिहायचाय, हे तुला ठाऊकच आहे. काल आमच्या मार्गदर्शक सरांनी ग्रंथालयाच्या संगणकावर माझा विषय जसाच्या तसा टाइप केला, पडदा माझ्याकडे वळवला आणि शून्य दाखवलं. वर म्हणाले की, जे शोधून सापडत नाही ते फारसं घडलेलंच नसतं. महिनाअखेरीच्या समितीपुढे दुसरा विषय घेऊन या. आजी जे सांगते त्याला ते घरगुती आठवणी म्हणाले. घरगुती! मी आजीला हे सांगितलं, तर तिने धुलाईच्या सोड्याने सोललेले दोन्ही हात पुढे केले आणि विचारलं की, हे काय घरगुती भाजलेत का?

मीसुद्धा 'रुग्णालयातील धुलाई महिला कामगारांचे शोषण आणि त्यांचा ऐतिहासिक संप' असं टाकून टाकून बोटं झिजवली. तेच शून्य. काय करू ते सांग.

राग सरांवर आहे, लोभ तेवढा तुझ्याकडे मागते.

तुझी,
ठिणगी

९ जून

चि. ठिणगीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मी आमच्या ग्रंथालयात वाचलं आणि मोठ्याने बोलले. 'शांतता राखा' ही पाटी जिने स्वतः लावली, तिच्याकडेच सगळे बघत राहिले. शून्य म्हणजे घडलं नाही? शून्य म्हणजे तुम्ही चुकीचं दार ठोठावलंत, एवढंच! अर्धं आयुष्य मी पुस्तकांना विषय लावण्यात घालवलं आणि हा गृहस्थ मला शून्याचा अर्थ शिकवणार!

आता तुझाही कान धरते. तू प्रश्न विचारलाच नाहीस, अख्खं भाषण ठोकलंस. 'ऐतिहासिक' आणि 'शोषण' हे तुझं मत झालं, बाई. त्या काळी लिहिणाऱ्याने हे शब्द वापरलेच नसतील, तर ते यंत्र काय कपाळ शोधणार? आधी तुकडे कर: जागा, माणसं, घटना. प्रत्येकाला पर्यायी शब्द दे. पर्यायांच्या मध्ये 'किंवा' घाल, तुकड्यांच्या मध्ये 'आणि'. 'धुलाई' लिहून पुढे चांदणी (*) टाक, म्हणजे धुलाईखाना, धुलाईवाल्या सगळे एका हाकेत गोळा होतील.

आणि मुख्य गोष्ट. संप बायकांनी केला, पण लिहिलं कोणी? ज्याचं अडलं त्याने! तेव्हा डॉक्टरांची मासिकं बघ, रुग्णालयाचे अहवाल बघ. एक नोंद सापडली की तिच्या तळाशी 'विषय' अशी ओळ असते. माझ्यासारख्या कुणीतरी ती नोंद कोणत्या कप्प्यात ठेवली, ते तिथे कळतं. त्या ओळीवर क्लिक कर, त्याच कप्प्यातलं बाकीचं सगळं बाहेर येईल.

आई माझी वेणी घालायची तेव्हा तिच्या बोटांच्या भेगांत माझे केस अडकायचे, आणि मी तिच्यावर चिडायचे. कुणी त्याला 'फारसं घडलेलं नाही' म्हटलेलं मी ऐकून घेणार नाही.

काही खात जा. कान धरला म्हणून माया कमी समजू नकोस.

तुझी,
आत्या

१६ जून

ती. स्व. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

सापडलं! आणि सापडल्यापासून दुप्पट संतापले आहे.

तू म्हणालीस तसं डॉक्टरांच्या मासिकात शोधलं. कुणा शल्यविशारदाने गाऱ्हाणं मांडलंय की, चादरींअभावी शस्त्रक्रिया लांबणीवर पडल्या. संप हा शब्द अख्ख्या लेखात नाही. आणि तळाशी विषय काय, तर 'रुग्णालये – स्वच्छता – अडथळे'. क्लिक केलं, आणि नोंदींचा ढीग कोसळला: वर्तमानपत्रं, अहवाल, सभांची वृत्तं. आत्या, आपली आजी इतकी वर्षं तुंबलेल्या गटारांच्या शेजारी पडून होती! त्याच कप्प्यात उंदरांचा उपद्रवही आहे.

एका अहवालात लिहिलंय की, व्यवस्थापनाने दयाबुद्धीने धुलाईवाल्यांना रबरी हातमोजे दिले. आजीला वाचून दाखवलं, तर ती उठून उभीच राहिली. दया कसली, आम्ही नळ बंद करून दारात बसलो होतो, असं ती शेजाऱ्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाली.

हे सगळं घेऊन सरांकडे गेले. ते म्हणाले, छान, मग विषय 'रुग्णालयीन स्वच्छतेतील अडथळे' असा करून टाका, साधनं आयती आहेत. मी तशीच बाहेर आले. दार मात्र जरा आपटलं.

समितीपुढे मी काय करू? तुझ्या मायेवरच तग धरून आहे.

तुझी,
ठिणगी

२० जून

चि. ठिणगीस,
अनेक आशीर्वाद.

माझ्या आईला उंदरांच्या पंगतीला बसवणाऱ्या त्या ग्रंथालयाला मी कडक पत्र धाडलंय, उत्तर तुझ्या पत्त्यावर मागितलंय. नोंदी दुरुस्त करता येतात, आम्ही नेहमी करतो. पण समितीच्या बैठकीआधी होईल याचा भरवसा नको.

तू भांडू नकोस. सरांनाच शोधू दे. मग तू शोध, आणि या वेळी पडदा त्यांच्याकडे वळव.

यश आलं तर कळव, नाही आलं तर सरळ माझ्याकडे निघून ये. माझं दार उघडंच आहे.

तुझी,
आत्या

३ जुलै

ती. स्व. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

मी भांडले नाही. शपथ. सरांनी मोठ्या ऐटीत माझा विषय टाइप केला आणि समितीला शून्य दाखवलं. मग मी विषयाच्या चौकटीत तो 'अडथळे'वाला कप्पा टाकला आणि पडदा वळवला. नोंदी संपेचनात. अध्यक्षबाईंनी चष्मा लावून बराच वेळ वाचलं आणि विचारलं की, यात अडथळा नेमका कोण? मी सांगितलं, माझी आजी. आवाज जरा चढला असेल. बाई सरांकडे वळून म्हणाल्या की, या मुलीचा विषय आहे तोच राहील. सर पेनाचं टोपण शोधत राहिले.

आणि काल त्या ग्रंथालयाचं उत्तर आलं. सगळ्या नोंदींना 'स्त्री कामगार – संप' असा नवा विषय लावलाय. जुना काढून टाकायचा का, असं त्यांनी विचारलंय. मी लगेच हो लिहायला बसले होते. आजीने माझा हात धरला. म्हणाली, तोही राहू दे. अडथळा झालो म्हणूनच हातमोजे मिळाले.

आमच्या दोघींवर लोभ ठेव. त्यातली एक अधिकृत अडथळा आहे.

तुझी,
ठिणगी