वहिनीला सूट

सोम., २८ जुलै
श्रावणी सोमवार. दादाची बायको येऊन तीन महिने पण झाले न्हाईत, आज लिंगपूजेआधीच चहा घेऊन बसली. अप्पांनी पाहिलं. मी वाटच बघायले होते, आता बोलतील. तर म्हणाले, "साखर बरोबर हाय ना, बाळा?"
बाळा!
लहानपणी पूजेआधी मूठभर शेंगदाणे खाल्ले म्हणून मला दिवसभर उपाशी ठेवलं होतं. तेव्हा रागसुद्धा आला न्हाई. अप्पांसारखा नियमाचा माणूस अख्ख्या वालूरात न्हाई, असं मैत्रिणींना सांगत फिरायचे.

गुरु., ३१ जुलै
आमच्या दुकानाचा माल आणायला वहिनी स्कूटीवर सेलूला गेली. मागं अप्पा! टोपी हातात धरून हसायले होते.
मला कॉलेजला सायकल दिली न्हाई. मग कॉलेजच बंद केलं त्यांनी.
आईला म्हणलं, "तुला काहीच वाटत न्हाई?" ती भाकरी थापायली होती. "दुसऱ्याची लेक हाय, तिला कसं बोलावं? तू आपली हायेस."
आपली. म्हणून.

मंगळ., ५ ऑग.
वहिनीच्या हातून दूध उतू गेलं. लय बरं वाटलं. अप्पांना ऐकू जावं म्हणून मोठ्यानं म्हणलं, "वहिनी, परत?" तर अप्पा मलाच, "हळू बोल. नवीन हाय ती."
दुपारी वेणी घालून घ्यायला माझ्यापुढं येऊन बसली. "ताई, तुमच्यासारखं सगळं नेमानं मला कधी जमंल? अप्पा दुकानात तुमचं किती कौतुक करतेत."
खोटंच असंल. तरी काय कौतुक, ते विचारावं वाटलं. न्हाई विचारलं. वेणी जरा घट्टच घातली.

शुक्र., ८ ऑग.
दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. विचारलंच. "वहिनीला सगळं चालतंय. मला का न्हाई चाललं, अप्पा?"
तराजू पुसता पुसता म्हणाले, "तू कधी मागितलंस?"
मागितलं होतं. कॉलेज बंद केलं तेव्हा पाय धरले होते त्यांचे. आठवतच न्हाई त्यांना. निदान मुद्दाम नाकारलं असतं तर...

सोम., ११ ऑग.
वहिनीचा परभणीला बी.एड.ला नंबर लागला. होस्टेलवर राहावं लागंल. आई म्हणाली, लग्न झालेली पोर बाहेर राहती का. दादानं ताट पुढं ओढलं. वहिनी अप्पांकडं बघायली, अन् अप्पा माझ्याकडं.
"ह्या घरात हिच्याएवढं नियमाचं माणूस न्हाई. हीच सांगंल. ही म्हणंल तसं करू."
सगळ्यांसमोर म्हणाले. हेच ऐकायला इतकी वर्षं... मान वर करून बसले. वहिनीनं एकदा माझ्याकडं पाहिलं अन् भांडी उचलायला लागली.
सकाळी पूजा झाली की सांगते म्हणलं.
जाऊ नको म्हणायचं ओठावर आलंय. पण अप्पांना माझ्याकडून काय ऐकायचंय, तेच कळंना.