डावीकडची बादली

लाडके छकुले,

देशोदेशींच्या विजेत्या क्लबांच्या या स्पर्धेत हरला तो बाद, आणि काल तू आमच्या क्लबच्या पोरींना गाशा गुंडाळायला लावलास. मी लाँड्रीतलं काम टाकून मैदानाच्या कडेला उभी होते. अंगात क्लबचंच जाकीट, त्यामुळे टाळी वाजवायचीही चोरी.

सामन्याआधी आमची गोलकीपर मोजे न्यायला आली होती. म्हणाली, "मावशी, तुमची लेक पेनल्टी कुठे मारते?"

जिचे कपडे रोज धुते तिच्याशी खोटं कसं बोलू? सांगून टाकलं, "डावीकडे. बोळात माझी बादली डावीकडे असायची, तिच्यावरच नेम धरून शिकली."

शेवटी तुला पेनल्टी मिळाली. तू डावीकडे मारलीस आणि ती झेपावली तुझ्या उजवीकडे.

नंतर चिखलाचे कपडे टाकायला आली तेव्हा ती हसली. "मावशी, तुम्ही खरं सांगाल असं वाटलंच नाही. माझी आई खोटंच बोलली असती."

मी मशीनमध्ये डोकं घालून कपडे भरत राहिले.

म्हणून हे पत्र पाठवणार नाही. फोनवर एवढंच सांगेन: छान खेळलीस, वेळेवर जेवत जा, आणि आता उजवीकडेही मारायला शीक.

तुझी फितूर,
आई