कांद्याच्या खोलीतला नळ

पेठ रोड, पंचवटी, नाशिक
गुरुवार, १२ जून २०२५

तीर्थरूप आईस,
हर्षालीचा साष्टांग नमस्कार.

ऑपरेशनचे टाके कसे आहेत? घरी सगळं ठीक. दूध अर्धाच लिटर घेते, तुळशीला पाणी घालते, निघताना गॅस दोनदा बघते. कुसामावशी तुला उठू देत नसेल, तर तिला माझ्याकडून शाबासकी दे.

फोन सोडून पत्र कशाला, असं म्हणशील. तुझा फोन सदानकदा स्पीकरवर असतो आणि मी दोन वाक्यं बोलले की मावशी मागून रडायला लागते. मला तुझ्याशी एकटीशी बोलायचंय. शेजारच्या भागीबाई उद्या सकाळच्या एसटीने वणीला येतायत, त्यांच्या हाती देते. चष्मा लाव आणि सगळं वाच, मध्येच घडी घालून उशीखाली ठेवू नकोस.

आधी इंटर्नशिपचं. तू शेखर सरांच्या पोळ्या लाटता लाटता शब्द टाकलास म्हणून मला त्यांच्या ऑफिसात आठ आठवड्यांची जागा मिळाली, हे मी विसरलेले नाही. विसरू देतंय कोण! कोणीही क्लायंट आला की सर म्हणतात, "ही, आमच्याकडे स्वयंपाकाला येतात ना, त्या प्रतिभाताईंची मुलगी. आर्किटेक्चरला आहे." लोक कौतुकाने बघतात ते सरांकडे.

काम मात्र शिकले. टेपचं टोक धरून उन्हात उभी राहिले, फरश्यांचे नमुने वाहिले, थर्माकोलची मॉडेलं कापली. मग त्यांनी मला गंगापूर रोडच्या अठ्ठावीस फ्लॅटच्या इमारतीचा नकाशा कॉम्प्युटरवर दुरुस्त करायला दिला. त्यात पार्किंगच्या कोपऱ्यात एक लहानसा संडास होता, कामाला येणाऱ्या बायकांसाठी. सर म्हणाले, "तो काढ. तिथे गाड्यांचं चार्जिंग येईल." मी काढला. अर्धं मिनिटही लागलं नाही. सर म्हणाले, "गुड. हात चालतो तुझा." आणि मला बरं वाटलं, आई. त्या दिवशी घरी येऊन मी तुला फोनवर सांगितलं ना, सर खूश आहेत म्हणून? ते ह्याच्यासाठी खूश होते.

सोमवारी मला जुने नकाशे स्कॅन करायला बसवलं. त्यात सरांच्या स्वतःच्या बंगल्याचा नकाशा निघाला, महापालिकेचा मंजुरीचा शिक्का मारलेला. स्वयंपाकघर, त्याच्यामागे धुण्याची जागा, मग जिना. जिन्याखाली चार फूट बाय तीन फुटांची एक खोली. वर बारीक खिडकी, कोपऱ्यात नळ. आणि सरांच्या वळणदार अक्षरात लिहिलेलं: "कामवाल्यांसाठी टॉयलेट".

ती कांद्याची खोली आहे, आई.

तूच हसून सांगायचीस ना, "लय शहाणी माणसं! कांद्याच्या खोलीला नळ कशाला लागतो म्हणते मी?" नऊ वर्षं त्या खोलीतून कांदे-बटाटे काढून आणलेस. ती तुझी होती. कागदावर तुझ्यासाठी, तुझ्या नावाने नसली तरी तुझ्यासाठीच काढलेली. तुला फक्त कोणी सांगितलं नाही.

आणि नऊ वर्षं तू सकाळी घोटभर चहावर घर सोडायचीस. दोन वाजता परत आलीस की पिशवी दारात टाकून आत पळायचीस. लहानपणी मला वाटायचं, आईला घाईची सवयच आहे. शाळेची सहल निघाली की मला बजावायचीस, "पाणी पिऊन जाऊ नको, पंचाईत होईल." आजही मी ऑफिसात बाटली भरून नेते आणि भरलेलीच परत आणते. तिथे दोन-दोन टॉयलेट असूनसुद्धा! हे तू मला दिलंस. डॉक्टरांनी मुतखडा दाखवून विचारलं, "बाई, पाणी का पीत नाही?" तर तू लाजून हसलीस. म्हणे सवय नाही. मला तेव्हाच ओरडावंसं वाटलं होतं.

काल मी तो नकाशा घेऊन सरांच्या केबिनमध्ये गेले.

सर म्हणाले, "अगं, मंजुरीच्या नकाशात तसं दाखवलं होतं. पुढे मीनाला स्वयंपाकघराजवळ वास नको होता. आणि तुझ्या आईने कधी मागितलंही नाही."

मी म्हटलं, "मागायला तिला माहीत तरी होतं का?"

"आवाज खाली. गंगापूर रोडच्या नकाशातला तू स्वतःच पुसलास की! तेव्हा काही बोलली नाहीस."

ते खरंच आहे. तो नकाशा मंजुरीला गेलासुद्धा. तिथे कामाला येणाऱ्या बायकाही तहानलेल्याच राहतील, त्यातला वाटा माझा.

आता जे तीन पानांपासून टाळतेय ते लिहिते. रागाच्या भरात मी सरांना म्हटलं, "त्या खोलीतले कांदे काढून तिथे संडासाचं भांडं बसवा. तोपर्यंत आई कामाला येणार नाही." सर्वांसमोर म्हटलं, केबिनचं दार उघडं होतं. सर शांतपणे म्हणाले, "आईला विचारलंस का?"

नाही विचारलं. तुझं नऊ वर्षांचं काम, आणि मी तुला न विचारता पणाला लावलं. सरांनी माझ्या सर्टिफिकेटवर सही केलेली नाही. ते नसलं तर कॉलेज वर्ष धरणार नाही, तेही तुला माहीत असू दे. त्यासाठी मी माफी मागणार नाही. तुझ्या कामासाठी मागते.

पण राग तुझ्यावरही आहे. "कधी मागितलंही नाही" हे ते म्हणाले तेव्हा मला त्यांच्यापेक्षा तुझाच जास्त राग आला. स्वतःच्या देहाची एवढी लाज कशाची गं? मिठाच्या एका खड्यासाठी तू वाण्याशी भांडतेस, आणि ह्यासाठी तोंडातून शब्द नाही!

रविवारी मीना मॅडम तुला फोन करणार आहेत, सरांनीच सांगितलं. गोड बोलतील. "पोरीचं रक्त गरम आहे, तुम्ही मनावर घेऊ नका, वरच्या बाथरूमला जात जा हवं तर." आणि तू म्हणशील, "ऱ्हाऊ द्या हो ताई, मला सवय हाय." मला तुझा आवाजसुद्धा ऐकू येतोय.

ते वाक्य म्हणू नकोस. बाकी तुला हवं ते म्हण. पोरगी उद्धट आहे म्हण, माफ करा म्हण, काम सोडते म्हण, परत येते म्हण. तू ठरवशील ते मी मान्य करीन, सर्टिफिकेट गेलं तरी. फक्त सवय आहे म्हणू नकोस. ती सवय नाही, तो खडा होता. डॉक्टरांनी डबीत घालून दिलाय, माझ्या टेबलावर आहे.

आणि एक कर. फोन वाजला की लगेच उचलू नकोस. वाजू दे. आधी तांब्याभर पाणी पी, सगळं, शेवटच्या घोटापर्यंत. मग बोल.

मीही प्यायलेय, हे लिहिताना.

तुझी,
हर्षाली