सावकाश गट

३ ऑगस्ट, सकाळी ७.२०
आयुष्य बदललं ते आज सहा वाजून पाच मिनिटांनी. मैदानाच्या फाटकाशी ती वाकून बुटाची नाडी बांधत होती. दातांच्या दवाखान्यात कामाला आहे म्हणे. ताबडतोब तिथल्या पळण्याच्या वर्गात नाव नोंदवलं. बारा आठवड्यांनी एकवीस किलोमीटरची शर्यत. मी आधी पोचणार, शेवटच्या रेषेवर तिच्यासाठी पाणी घेऊन उभा राहणार आणि तिथेच विचारणार.

५ ऑगस्ट
वर्गाच्या मास्तरांचं शास्त्र : दहातले आठ दिवस इतकं सावकाश पळा की शेजारच्याशी गप्पा मारता आल्या पाहिजेत. म्हणे त्यानेच दम वाढतो. गप्पाच मारायच्या तर कट्टा काय वाईट? कॉलेज दुसऱ्या वर्षी सोडलं ते याच कारणाने, सगळे फार हळू शिकवायचे. ती सावकाश गटात. मी सुसाट पुढे. माझी पाठ बघत राहिली असणार.
बाबा म्हणाले, पळायला जातोस की भांडायला? दार आपटू नकोस.

२० ऑगस्ट
मनगटावरच्या घड्याळात छातीचे ठोके १८४. मास्तर ओरडले, अरे शहाण्या, १४० च्या वर जाऊ नकोस! म्हटलं, घड्याळ बिघडलंय.

१४ सप्टेंबर
नडगी ठणकतेय. विश्रांती उद्यापासून.
मागून हसण्याचे आवाज येतात. तिच्या शेजारी औषधांच्या दुकानातला ढेरपोट्या. पळतो कसला, डुलतो. ती बिचारी रोज तासभर सोसते त्याला.

१५ सप्टेंबर
विश्रांती उद्यापासून.

२६ ऑक्टोबर. शर्यत.
दहाव्या किलोमीटरपर्यंत पहिल्या विसात! चौदाव्याला दोन्ही पोटऱ्यांत गोळे. फुटपाथवर बसलो. तेवढ्यात ती दोघं आली. बोलत बोलत! ती थांबली, स्वतःची पाण्याची बाटली माझ्या हातात दिली. म्हणाली, अहो, तुम्ही आमच्याच मैदानावर येता ना? नाव काय तुमचं?
बारा आठवडे!
नाव सांगायला दम पुरेना. ढेरपोट्या म्हणाला, डिसेंबरात आमचं लग्न आहे, नक्की या हं. पळता पळताच जमलं बघा.

२७ ऑक्टोबर
ताईने विचारलं, तू तिच्याशी एक वाक्य तरी बोललास का रे? मुद्दा तो नाहीच. पळणं बंद. कायमचं.

३ नोव्हेंबर, सकाळी ५.४०
मास्तरांचा निरोप : आजपासून तू सावकाश गटात, सगळ्यात मागे. जातोय ते फक्त त्यांचं शास्त्र खोटं पाडायला. बाबांनी कुठे म्हणून विचारलं, तोवर मी दाराबाहेर. हे जिन्यात बसून लिहितोय. दार आपटायला गेलो, तर मांडीत पेटका आला. हळूच लावून घेतलं.